जुन्या रिव्हॉल्व्हरचे निर्मितिवर्ष

जुने रिव्हॉल्व्हर समोर आले की पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : हे केव्हाचे? प्रश्न साधा वाटतो आणि उत्तरही शस्त्रावरच कोरलेले असावे अशी अपेक्षा असते. वस्तुतः पुष्कळशा रिव्हॉल्व्हरांवर वर्ष कोरलेले असतेच. अडचण अशी की ते वर्ष बहुधा दुसऱ्याच कशाचे तरी असते. एकस्वाचे, चाचणीचे, लष्कराने शस्त्र ताब्यात घेतल्याचे किंवा पुढे त्याची दुरुस्ती झाल्याचे. धातूवर उमटलेल्या या निरनिराळ्या तारखांतून शस्त्र कारखान्यात तयार झाल्याची तारीख कशी वेगळी काढावी, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

हा केवळ हौशी संग्राहकांच्या कुतूहलाचा विषय नव्हे. भारतात १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार, सर्वसाधारणपणे शंभर वर्षांहून कमी नाही इतक्या जुन्या वस्तूला पुरावस्तू मानले जाते आणि अशी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. १९१७ साली तयार झालेले रिव्हॉल्व्हर २०१७ साली ही सीमारेषा ओलांडून गेले. १९४२ साली तयार झालेले अद्याप अलीकडेच आहे. म्हणजे दोन-तीन दशकांचा घोटाळा झाला तर वस्तूचे कायदेशीर स्वरूपच बदलते. मात्र येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. शंभर वर्षे झाली म्हणून शस्त्र परवान्याच्या कक्षेतून आपोआप सुटत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम ४५ कालबाह्य घडणीच्या, पुरातन मूल्याच्या वा मोडकळीस आलेल्या शस्त्राला जी सूट देते ती, ते शस्त्र दुरुस्ती करून वा न करता अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे उरलेले नसेल, तरच देते. आजोबांच्या पेटीत सापडलेले चालते रिव्हॉल्व्हर कितीही जुने असले तरी ते पोलीस ठाण्याला कळवावेच लागते.

वर्षाचा दुसरा संबंध प्राणांशी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक रिव्हॉल्व्हरे काळ्या दारूसाठी घडविली जात. निर्धूम दारूची काडतुसे प्रचारात आल्यावर पोलाद अधिक कसदार करावे लागले. अमेरिकेतील कोल्ट कंपनीने आपल्या प्रसिद्ध ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ या १८७३ च्या रिव्हॉल्व्हरची निर्धूम दारूबाबत हमी दिली ती १९०० च्या सुमारास. त्यापूर्वीचे आणि त्यानंतरचे शस्त्र बाह्यतः जवळजवळ सारखेच दिसते, काडतूसही दोहोंत सारखेच बसते. परंतु पहिल्यात आधुनिक काडतूस उडविणे म्हणजे हातात स्फोट घडविण्याचा धोका पत्करणे होय. आणि तिसरा संबंध इतिहासाशी आहे. अमुक शस्त्र अमुक घटनेत वापरले गेले असा दावा जेथे जेथे केला जातो, तेथे निर्मितिवर्ष हा त्या दाव्याचा पहिला साक्षीदार असतो आणि पुष्कळदा तो फिर्यादीच्या विरुद्ध साक्ष देतो.

मुळात ‘तयार झाले’ याचा अर्थ काय? रिव्हॉल्व्हरचा सांगाडा एका वर्षी ओतीव-घडीव होऊन कोठारात पडतो, त्याला नळी व फिरते सिलिंडर दुसऱ्या वर्षी बसते, झिलई तिसऱ्या वर्षी होते आणि व्यापाऱ्याकडे रवानगी कदाचित त्याच्याही पुढच्या वर्षी. या चारांपैकी जन्म कोणता? अमेरिकेच्या १९६८ च्या बंदूक-नियंत्रण कायद्याने १८९८ पर्यंत तयार झालेली शस्त्रे ‘प्राचीन’ मानून नियमनातून वगळली. तेथे प्रमाण मानतात तो सांगाडा. त्यातून एक गंमत उद्भवली. स्मिथ अँड वेसन कंपनीचे ‘न्यू मॉडेल नंबर थ्री’ हे रिव्हॉल्व्हर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकानंतरही विकले जात होते. परंतु त्याचे सर्व सांगाडे १८९९ पूर्वीच तयार करून ठेवलेले असल्याने, १९१० साली दुकानातून घेतलेला नगही कायद्याच्या दृष्टीने एकोणिसाव्या शतकातलाच ठरतो. कायद्याचा हा निर्णय मान्य करावा. पण संग्रहालयाच्या पाटीवर मात्र सांगाडा केव्हाचा आणि विक्री केव्हाची, हे दोन्ही लिहिणेच प्रामाणिकपणाचे.

सर्वांत अधिक फसगत होते ती एकस्वांच्या, म्हणजे पेटंटांच्या, तारखांनी. अमेरिकन कारखानदार नळीच्या पाठीवर कंपनीचे नाव, गाव आणि त्याखाली आपल्या एकस्वांच्या तारखा कोरीत असत. हा स्पर्धकांना दिलेला इशारा होता. त्याचा उत्पादनाच्या वर्षाशी काही संबंध नव्हता. स्मिथ अँड वेसनच्या आरंभीच्या रिव्हॉल्व्हरांवर ‘३ एप्रिल १८५५’ ही तारीख आढळते. रोलिन व्हाइट याने आरपार छिद्रे पाडलेल्या सिलिंडरसाठी घेतलेल्या एकस्वाची ती तारीख. कंपनीने आपले पहिले रिव्हॉल्व्हर बाजारात आणले ते १८५७ साली, आणि एकस्वाची मुदत संपली १८६९ साली. तेव्हा १८५५ चे स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हर मिळाले असे कोणी म्हणू लागला, तर त्याने कंपनीच्याही आधीचे तिचे अपत्य शोधून काढले आहे असे समजावे.

याच प्रकारातले एक उदाहरण अधिक सावकाश पाहण्याजोगे आहे, कारण एकाच धातूच्या तुकड्यावर किती काळ एकत्र नांदतात हे त्यावरून कळते. दुसऱ्या महायुद्धात स्मिथ अँड वेसनने ब्रिटनसाठी .३८ व्यासाची रिव्हॉल्व्हरे मोठ्या प्रमाणावर तयार केली. अशा एका रिव्हॉल्व्हरच्या नळीवर फेब्रुवारी १९०६, सप्टेंबर १९०९ व डिसेंबर १९१४ या तीन तारखा वाचावयास मिळतात. मालक सर्वांत अलीकडची निवडतो आणि शस्त्र पहिल्या महायुद्धाच्या आरंभीचे म्हणून सांगत सुटतो. परंतु सांगाड्याच्या माथ्यावर ‘युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी’ अशी अक्षरे असतात. ब्रिटनला द्यावयाच्या शस्त्रांवर अमेरिकी सरकारची मालकी कोरण्याचे कारण म्हणजे उधार-पट्ट्याचा कायदा, आणि तो ११ मार्च १९४१ रोजी झाला. म्हणजे १९१४ बाद. आता मूठ उलटी करून तळ पाहावा. तेथे अनुक्रमांकाआधी ‘व्ही’ हे अक्षर आहे. या घडणीच्या रिव्हॉल्व्हरांचे क्रमांक १९४२ साली दहा लाखांना जाऊन भिडले, तेव्हा कंपनीने ‘व्हिक्टरी’ या शब्दाचे आद्याक्षर लावून मोजणी पुन्हा एकपासून सुरू केली. म्हणजे शस्त्र १९४२ च्या आधीचे असू शकत नाही. युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात, हातातून पडले असता गोळी सुटू नये म्हणून घोड्याला नवा अडसर बसविण्यात आला. त्या सुधारित नगांवर ‘व्ही’ च्या जोडीला ‘एस’ आले. येथे ‘एस’ नाही. म्हणून काळाची दुसरी मर्यादाही हाती येते : साधारण १९४२ ते १९४४.

एवढ्याने कथा संपत नाही. त्याच नळीवर मुकुटाखाली ‘बी एन पी’ ही अक्षरे आणि टनांत दिलेला दाबाचा आकडा असतो. ही बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाची, १९५४ च्या नियमांनुसारची खूण. युद्धकाळात लष्कराने वापरलेले हे रिव्हॉल्व्हर पुढे जादा साठ्यातून विकावयास काढले, तेव्हा इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे त्याची दारूची चाचणी घ्यावी लागली. म्हणजे १९१४ चे एकस्व, १९४२-४४ ची घडण आणि १९५० च्या दशकातली परीक्षा, अशा तिन्ही गोष्टी एकाच नळीवर आहेत. तिन्ही खऱ्या आहेत. खोटी असते ती त्यांतून एकच उचलून केलेली घाई.

यावरून तपासाचा क्रमही ध्यानात येतो. शस्त्र रिकामे आहे याची खात्री जाणत्या शस्त्रकाराकडून करून घेतल्याखेरीज त्याला हात लावू नये, हे सांगण्याची गरज पडू नये. तरी ते सांगितलेच पाहिजे. त्यानंतर प्रथम निश्चित करावयाची ती घडण, म्हणजे मॉडेल. पुष्कळजण थेट अनुक्रमांकाकडे धावतात आणि तेथेच चुकतात, कारण जुन्या कंपन्या प्रत्येक घडणीसाठी स्वतंत्र क्रमांकमाला चालवीत. एकाच कारखान्याच्या चार-पाच निरनिराळ्या रिव्हॉल्व्हरांवर तोच आकडा असू शकतो आणि त्यांच्या वयांत तीस वर्षांचे अंतर असू शकते. घडण ओळखावयाची ती आकारमानावरून, काडतुसाच्या व्यासावरून, शस्त्र मधोमध मोडून उघडते की सिलिंडर बाजूला झुकते यावरून, मुठीच्या आकारावरून, आणि मळसूत्रांवरूनसुद्धा. स्मिथ अँड वेसनच्या सांगाड्यावर पूर्वी पाच मळसूत्रे असत. १९५५ च्या सुमारास बाजूच्या झाकणावरचे एक गेले, १९६१ च्या सुमारास चापाच्या कमानीपुढचे दुसरे गेले. मळसूत्रे मोजून शस्त्राचे वय सांगणारा माणूस जादूगार भासतो. पण तो फक्त मोजत असतो.

मग अनुक्रमांक. तो कोठे पाहावा यालाही नियम आहे. स्मिथ अँड वेसनचा खरा क्रमांक मुठीच्या तळाशी असतो. लाकडी पट्ट्या मोठ्या बसविल्या असल्या, तर तो त्यांच्याखाली झाकला जातो. सिलिंडर बाजूला केल्यावर आत दिसणारा आकडा पुष्कळांना अधिक विश्वसनीय वाटतो, कारण तो लपलेला असतो! परंतु तो केवळ जुळणीचा आकडा होय. कारागिराने एकमेकांत घासूनपुसून बसविलेले भाग झिलईच्या वेळी इतर भागांत मिसळू नयेत, एवढ्याचसाठी तो टाकलेला असतो. १९५७ पासून त्याच जागी घडणीचा क्रमांकही येऊ लागला, त्यामुळे घोटाळ्यात भर पडली.

क्रमांक मिळाला की प्रकाशित कोष्टके पाहावी. मात्र कोष्टकाला दैवज्ञाचे स्थान देऊ नये. कोष्टक सांगते ते बहुधा वर्षारंभीचा क्रमांक; आणि कारखान्याच्या कोठारातून शस्त्रे क्रमाने बाहेर पडतच, असे नाही. हाताशी येईल ती पेटी उचलली जाई. कंपनीच्या खातेवहीतून पत्राने उत्तर मिळविण्याची सोय अमेरिकेत आहे : कोल्टचा अभिलेख विभाग आणि स्मिथ अँड वेसनची ऐतिहासिक प्रतिष्ठाने शुल्क घेऊन अशी पत्रे देतात. त्या पत्रात सामान्यतः दिलेली असते ती रवानगीची तारीख व ज्याला माल पाठविला त्याचे नाव. घडणीची तारीख त्याहून काही महिने, क्वचित काही वर्षे आधीची. कोल्टच्या बाबतीत आणखी एक खंत आहे. फेब्रुवारी १८६४ मध्ये हार्टफर्डच्या कारखान्याला मोठी आग लागली आणि जुन्या कागदपत्रांचा बराच भाग जळाला. त्यापूर्वीच्या शस्त्राबाबत वहीकडे नव्हे, धातूकडेच वळावे लागते.

भारतात सापडणारी जुनी रिव्हॉल्व्हरे बव्हंशी ब्रिटिश, आणि त्यांतही वेब्ली घराण्यातली. येथे नाव वाचण्यातूनच पुष्कळ काही साधते. ‘पी. वेब्ली अँड सन’ हे नाव १८९७ पर्यंतचे. त्या वर्षी तीन व्यवसाय एकत्र येऊन ‘वेब्ली अँड स्कॉट रिव्हॉल्व्हर अँड आर्म्स कंपनी’ झाली, आणि १९०६ साली ते लांबलचक नाव तोकडे होऊन ‘वेब्ली अँड स्कॉट लिमिटेड’ उरले. ब्रिटिश सरकारने वेब्लीचे .४५५ रिव्हॉल्व्हर १८८७ साली स्वीकारले. त्याच्या सहा आवृत्त्यांपैकी पाचवी १९१३ ची, सहावी मे १९१५ ची. सहावी दुरूनही ओळखू येते : सहा इंची नळी आणि चौकोनी टोकाची मूठ, आधीच्यांची मूठ पक्ष्याच्या डोक्यासारखी वळलेली. आणि येथे अमेरिकन अनुभवाच्या अगदी उलट अनुभव येतो. सहाव्या आवृत्तीच्या सांगाड्यावर ‘वेब्ली, मार्क सहा, पेटंट्स’ आणि त्याला लागून १९१६, १९१७ किंवा १९१८ असे वर्ष असते. अमेरिकन शस्त्रांवर एकदा पोळलेला अभ्यासक हे वर्ष एकस्वाचे समजून ताक फुंकून पितो. पण ते खरोखर निर्मितीचेच वर्ष आहे. युद्धानंतर, १९२१ ते १९२६ या काळात, हीच आवृत्ती एनफील्डच्या सरकारी कारखान्यात तयार झाली आणि तिच्यावर एनफील्डचे नाव व वर्ष आले.

.३८ व्यासाचे एनफील्ड रिव्हॉल्व्हर १९३२ चे. १९३८ मध्ये त्याच्या घोड्याचे शेपूट छाटण्यात आले, कारण रणगाड्यातून उतरताना ते कोठेतरी अडकत असे. या बदलाची खूण म्हणून नावापुढे एक तारका आली. परंतु आधी तयार झालेली शस्त्रेही पुढे दुरुस्तीला आल्यावर याच रूपात बदलण्यात आली. म्हणून तारका दिसली की १९३८ नंतरचे, असा निष्कर्ष काढू नये. सांगाड्यावर मुकुटाखाली दिलेले वर्ष वाचावे. रशियाच्या नागांत रिव्हॉल्व्हरचीही तीच गत : वर्ष ठसठशीत असते, पण लष्करी आगारातील दुरुस्तीत भाग एकमेकांत मिसळलेले असतात.

मालकीच्या खुणाही बोलक्या असतात. रुंद पात्याचा बाण ही ब्रिटिश शासनाची खूण. त्याच्या जोडीला ‘आय’ हे अक्षर असेल, तर शस्त्र भारत सरकारचे. दोन बाण टोकाला टोक लावून असतील, तर ते लष्कराने विकून टाकलेले. राजचिन्हातली अक्षरे राज्यकाल सांगतात : व्हिक्टोरियाची १९०१ पर्यंत, सातव्या एडवर्डची १९१० पर्यंत, पाचव्या जॉर्जची १९३६ पर्यंत. पेशावर व कोहाट यांच्या दरम्यानच्या दर्रा आदमखेल परिसरात आणि खैबर खिंडीच्या आसपास इंग्रजी शस्त्रांच्या हुबेहूब प्रती करणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांचा हात वाखाणण्याजोगा, परंतु इंग्रजी अक्षरे त्यांना नक्षीसारखीच. त्यामुळे एखादे अक्षर आरशातल्यासारखे उलटे पडते, कारखान्याच्या नावाचे स्पेलिंग बिघडते, किंवा व्हिक्टोरिया राणीच्या अक्षरांखाली तिच्या मृत्यूनंतरचे वर्ष अवतरते. अशा शस्त्रावरचे वर्ष हे वर्ष नसून चित्र असते. ते तसेच वाचावे.

जेथे कारखान्याचे नावच नाही, तेथे चाचणीगृहांचे ठसे हाच आधार. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ साली स्थापन झाले. त्याचा जुना ठसा म्हणजे मुकुटाखाली एकमेकांना छेदणारे दोन राजदंड. १९०४ पासून त्याची जागा मुकुटाखालच्या ‘बी पी’ व ‘बी व्ही’ या अक्षरांनी घेतली. परदेशी शस्त्र तेथे तपासले गेले, तर १९२५ ते १९५५ या काळात त्यावर ‘इंग्लिश बनावटीचे नाही’ असे इंग्रजीत सरळ लिहून टाकीत. बेल्जियममधील लिएज शहरातून तर स्वस्त रिव्हॉल्व्हरांचा पूर जगभर गेला. बंदुकीच्या दुकानातून ‘बुलडॉग’ म्हणून विकली जाणारी कित्येक शस्त्रे तेथलीच. त्यांवर अंडाकृतीत ‘ई एल जी’ ही अक्षरे असतात. त्या अंडाकृतीवर मुकुट असेल, तर शस्त्र १८९३ नंतर तपासलेले. नसेल, तर त्याआधीचे. तपासनिसाच्या अक्षरावर मुकुट असेल, तर १८७७ पूर्वीचे. तारका असेल, तर नंतरचे. १९२२ पासून प्रत्येक वर्षाला एक अक्षर ठरवून देण्यात आले. नाव नसलेल्या रिव्हॉल्व्हरचे वय अशा रीतीने नाव असलेल्यापेक्षाही नेमके सांगता येते, हे कित्येकांना पटत नाही. शस्त्रावर देशाचे नाव इंग्रजीत असेल, तर आणखी एक धागा मिळतो : अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे केले आणि १८९१ पासून ते अमलात आले.

विक्रेत्याचे नाव हा धागा मात्र हळूच ओढावा. लंडनच्या आर्मी अँड नेव्ही सहकारी संस्थेने मुंबईत आपले दुकान उघडले ते १८९१ साली. काळा घोड्याजवळची तिची इमारत आजही उभी आहे. साहेबलोकांची कितीतरी रिव्हॉल्व्हरे याच संस्थेमार्फत आली आणि नळीवर तिचे आद्याक्षरी नाव असते. १९३४ मध्ये संस्थेचे नाव बदलून ‘आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स लिमिटेड’ झाले, म्हणून ‘सी. एस. एल.’ ही जुनी अक्षरे असलेले शस्त्र त्यापूर्वी विकलेले, एवढे निश्चित. ते तयार केव्हा झाले हे त्यावरून कळत नाही. दुकानात पडून राहणे हा मालाचा स्वभावच आहे.

आता १८५७ विषयी. त्या वर्षाच्या रणधुमाळीतले म्हणून दाखविले जाणारे रिव्हॉल्व्हर मधोमध मोडून उघडणारे आणि पितळी काडतुसाचे असेल, तर पुढे काही तपासण्याची आवश्यकताच नाही. तेव्हाच्या इंग्रज अधिकाऱ्यांजवळ होती ती कोल्टची आणि ॲडम्सची रिव्हॉल्व्हरे. त्यांत दारू व गोळी सिलिंडरच्या पुढच्या तोंडातून ठासून भरीत आणि मागच्या निप्पलवर तांब्याची टोपी बसवीत. कोल्टचे १८५१ चे ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हर १८७३ पर्यंत तयार होत राहिले, म्हणून ‘१८५१ चे मॉडेल’ एवढ्यावरून १८५७ सिद्ध होत नाही. कोल्टने लंडनमध्ये स्वतःचा कारखाना काढला होता. तो १८५३ मध्ये सुरू झाला आणि थोड्याच वर्षांत बंद पडला. तेथल्या नळ्यांवर कर्नल कोल्टचा लंडनचा पत्ता असतो आणि त्यांची क्रमांकमालाही वेगळी. असा लंडनचा नग असेल, तर तो १८५७ च्या आसपास हिंदुस्थानात पोहोचणे शक्य होते. ॲडम्सचे पहिले एकस्व १८५१ चे. घोडा अंगठ्यानेही ओढता येईल अशी बोमाँटची सुधारणा १८५६ ची. शक्यता एवढ्यापर्यंतच शस्त्र नेऊ शकते. कोणाच्या कमरेला ते होते, हे कागदपत्रांनी सांगावयाचे.

कागद आणि धातू यांची भेट कशी होते, याची दोन उदाहरणे आपल्या इतिहासात आहेत. दोन्ही पिस्तुलांची आहेत, रिव्हॉल्व्हरांची नव्हेत. रीत मात्र तीच. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्याच्या रॉडा कंपनीच्या मालातून ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे क्रांतिकारकांनी लांबविली. प्रत्येक पिस्तुलावर क्रमांक होता आणि त्या क्रमांकांची नोंद कंपनीच्या दफ्तरी होती. म्हणूनच पुढे बंगालमध्ये एखादे माउझर हाती लागले की ते त्या ५० पैकी आहे किंवा नाही, हे पोलिसांना तत्काळ ताडता येई. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालातील त्याविषयीचे विवेचन अशाच नोंदींवर उभे आहे.

दुसरे उदाहरण भगतसिंगांच्या पिस्तुलाचे. लाहोर येथे १७ डिसेंबर १९२८ रोजी साँडर्सवर झाडलेले .३२ व्यासाचे कोल्ट पिस्तूल पुढे कोठे गेले, हे अनेक दशके कोणाला सांगता येत नव्हते. खटल्याच्या कागदांत त्याचा क्रमांक मात्र होता : १६८८९६. सीमा सुरक्षा दलाच्या इंदूर येथील संग्रहात, गंज चढू नये म्हणून शस्त्रांना काळा रंग दिलेला होता. २०१६-१७ च्या सुमारास तो रंग खरवडून क्रमांक वाचण्यात आले, तेव्हा एका पिस्तुलावर हेच सहा आकडे निघाले. गंजापासून वाचविणाऱ्या रंगानेच ओळख बुजविली होती. घरोघरीची जुनी शस्त्रे चकाकविण्याच्या हौसेने कानस व पॉलिशच्या चाकाखाली देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या चकाकीत ठसे पुसले जातात, आणि शस्त्र अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे अग्निशस्त्रावरील नाव, क्रमांक वा ओळखीची खूण पुसणे, काढणे किंवा बदलणे हा गुन्हाही आहे.

क्रमांक कोणी मुद्दाम घासून काढला असेल, तरी तो सर्वस्वी नाहीसा होतोच असे नाही. ठसा मारताना पोलादावर जो आघात होतो त्याने अक्षराच्या खालचा धातूही दबलेला असतो, आणि हा दबलेला भाग अक्षराच्या खोलीपेक्षा पुष्कळ खाली पोहोचतो. न्यायसाहाय्यक प्रयोगशाळेत तो पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत करून त्यावर ताम्र क्षार मिसळलेले आम्ल पुनःपुन्हा फिरवितात. दबलेला धातू आणि भोवतालचा धातू यांवर आम्लाची क्रिया सारख्या वेगाने होत नाही. काही मिनिटांनी, कधी काही तासांनी, करड्या पार्श्वभूमीवर आकडे फिकट उमटू लागतात. ते सगळे एकदम येत नाहीत. एक येतो, दुसरा दिसेपर्यंत पहिला विरतो. म्हणून तपासनीस कॅमेरा लावून, दिवा तिरका धरून बसलेला असतो आणि जो आकडा जेव्हा दिसेल तेव्हा तो टिपून घेतो.